गोमाशी पाहायची आणि टिपायची कशी: गोठ्यामागच्या परसातलं काम, पायरीपायरीने

पावसाळा लागला की गावागावांतून माशांचे फोटो येऊ लागतात आणि सोबत एकच प्रश्न असतो, "ही गोमाशीच आहे का?" बहुतेक फोटोंवरून उत्तर देता येत नाही. माशी म्हशीच्या पाठीवर असते, वरून टिपलेली, शेपटीच्या फटक्यात हललेली. नाहीतर चपलेने मारून फरशीवर ठेवलेली असते, पंख मोडलेले आणि डोळे काळे पडलेले. पुष्कळदा तर ती गोमाशी नसतेच.

हे होतं कारण कामाचा क्रम उलटा लागतो. आधी मोबाईल निघतो, मग माशीमागे धावपळ होते. गोमाशी झपाट्याने उडते, धावून ती सापडत नाही. पण ती परसात कुठे, कधी आणि कशासाठी बसते हे एकदा कळलं, की साध्या मोबाईलनेही ओळख पटेल असा फोटो मिळतो. म्हणून या लेखात कॅमेरा सहाव्या पायरीला येतो. मधल्या पायऱ्या गाळू नका.

## १. आधी माशी ओळखा

गोमाशी म्हणजे टॅबॅनिडी कुळातली माशी. जगात या कुळाच्या चार हजारांहून जास्त जाती आहेत. आपल्या कामाला तीन गट पुरतात.

टॅबॅनस हा मोठ्या माशांचा गट. लांबी साधारण १० ते २५ मिलीमीटर, घरमाशीपेक्षा स्पष्ट मोठी. पंख बहुधा स्वच्छ, अंग तपकिरी किंवा राखाडी, पुष्कळदा पाठीवर फिकट पट्टे. उडताना मोठा गुणगुणाट होतो.

हिमॅटोपोटा लहान, राखाडी आणि सडपातळ असते. पंखांवर करडी नक्षी असते आणि बसल्यावर ते कौलारू छपरासारखे उतरते दिसतात. ही आवाज न करता येते, चावल्यावरच कळते.

क्रायसॉप्स हीही लहानच. पंखांवर गडद आडवा पट्टा, पंख बाजूला फाकलेले, मिशा लांब, डोळे झगझगीत हिरवे-सोनेरी आणि त्यावर ठिपके. माणसाच्या डोक्याभोवती, मानेभोवती घिरट्या घालते.

गोंधळ ज्यांच्याशी होतो त्या माशाही लक्षात ठेवा. गुरांच्या पायांवर डोकं वर करून बसणारी, घरमाशीएवढी, तोंडासमोर सुईसारखी सोंड काढलेली माशी ही स्टोमॉक्सिस. तीही रक्त पिते, पण गोमाशी नाही. जनावराच्या मागच्या मांड्यांत किंवा शेपटीखाली चिकटलेली, चपटी, खेकड्यासारखी आडवी सरकणारी आणि चिमटीत दाबली तरी न मरणारी माशी वेगळ्याच कुळातली, हिप्पोबोस्का. काडीच्या टोकावर भक्ष्य धरून बसलेली, चेहऱ्यावर दाट केस आणि दोन डोळ्यांच्या मधे डोक्यावर खोलगट भाग असलेली ती दरोडेखोर माशी. ती दुसरे कीटक मारून खाते, जनावराला चावत नाही. फुलांवर हवेत एका जागी थांबणाऱ्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशाही निरुपद्रवीच.

तपासा: पंख दोनच आहेत का? डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात का? मिशा पुढे आलेल्या, टोकाकडे कड्याकड्यांच्या आहेत का? घरमाशीच्या मिशीवर बारीक केस असतो, गोमाशीच्या मिशीवर नसतो. तिन्ही उत्तरं "हो" आली तरच पुढे जा.

## २. परसाचा नकाशा काढा

वहीच्या एका पानावर परस काढा, म्हणजे आपली सांदवाडी: गोठा, उकिरडा, विहीर किंवा हापसा, सांडपाण्याची नाली, शोषखड्डा, तणसाचा ढीग, कुंपण, झाडं. मग त्यावर चार खुणा करा.

पहिली खूण ओल्या चिखलाची. गोमाशीच्या अळ्या चिखलात, पाण्याच्या काठच्या ओल्या मातीत वाढतात. घराच्या मागे नाली वाहत असेल, किंवा भंडारा-गोंदियाकडे धानाची बांधी परसालाच लागून असेल, तर माशा तिथूनच येतात. बोडी (लहान तळं) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव जवळ असेल तर विचारायलाच नको.

दुसरी पाण्यावर झुकलेल्या पानांची. नालीकाठचा धोपा (अळू), लव्हाळा, पाणकणीस, बेशरम. मादी अशाच पानांवर अंडी घालते.

तिसरी जनावर बांधण्याच्या जागेची. कोणतं जनावर कुठे आणि किती वाजता असतं तेही लिहा.

चौथी खूण सगळ्यांत महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक विसरतात: विसाव्याच्या जागेची. रक्त पिऊन झाल्यावर मादी जड होते. ती लांब जात नाही. जवळच्या भिंतीवर, खांबावर, झाडाच्या खोडावर सावलीच्या बाजूला बसते आणि रक्तातलं जास्तीचं पाणी थेंबाथेंबाने बाहेर टाकते. पोट फुगलेलं, लालसर दिसतं. या अवस्थेत ती सावकाश हलते. तुमचे चांगले फोटो इथेच मिळणार आहेत, जनावराच्या अंगावर नाहीत.

## ३. वेळ ठरवा

विदर्भात मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की माशा दिसू लागतात आणि पावसाळाभर राहतात. पोळ्याच्या सुमारास बैलांच्या अंगावर त्या ठळक दिसतात. कडक उन्हाळ्यात शोधत बसू नका.

दिवसभरात त्यांना ऊन लागतं. सकाळी हवा थंड असेपर्यंत त्या सुस्त असतात. साधारण नऊ-दहानंतर ऊन तापलं की हल्ले सुरू होतात आणि दुपारपर्यंत चालतात. पाऊस थांबून ऊन पडलं आणि हवा दमट, उकाड्याची झाली की जोर वाढतो. वारा सुटला की कमी होतात.

जनावरांजवळ राहणाऱ्यांना हे वेळापत्रक पाठ असतं. शेजारच्या काकांना विचारा, "काका, तुमच्या म्हशीले माशा कवा जास्त धरतेत?" उत्तर येईल, "ऊन तापलं का येतेत न बाप्पा, अन् पाऊस उघडला का त् लय कावून टाकतेत." हे वहीत तसंच उतरवून ठेवा, नंतर स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहा.

म्हणजे कामाच्या दोन वेळा झाल्या. उजाडल्यापासून आठपर्यंत सुस्त माशांचे जवळून फोटो. दहा ते एक वर्तन पाहणं.

## ४. स्वतःची आणि जनावराची काळजी

फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, जाडसर कपडे घाला. गडद रंग गोमाशीला ओढतो आणि पातळ सुती कापडातून ती सहज चावते. डोक्याला दुपट्टा बांधा. पायात गमबूट असावेत.

सावधान: गोमाशी चावली की जनावर लाथ झाडतं, मान झटकतं, शेपटी मारतं. गायीच्या किंवा म्हशीच्या मागे आणि मागच्या पायांच्या रेषेत उकिडवं बसू नका. जनावराचा धनी सोबत असल्याशिवाय गोठ्यात जाऊ नका आणि नव्या माणसाला बिचकणाऱ्या जनावराजवळ तर अजिबात नको.

सावधान: पावसाळ्यात तणस, सरपण आणि गवताच्या काठाशी परड (घोणस), नाग, मण्यार असू शकतात. बसण्याआधी काठीने जागा हलवून पाहा. पायाला जखम असेल तर गोठ्याच्या चिखलात अनवाणी उतरू नका, जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. उंच गवतात टेकून बसू नका. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती, तो आजार गवतातल्या बारीक चिगर किड्यांच्या चाव्यातून होतो.

माशी चावलीच तर साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, खाजवू नका. ओठ-चेहरा सुजला किंवा दम लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

गोठ्यात नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झाली असेल तर काही दिवस निरीक्षण थांबवा. अर्धमेल्या माशांच्या वागण्यावरून काही कळत नाही. आणि फोटोसाठी फवारणी थांबवा असं कोणालाही सांगू नका. गोमाश्या एका जनावराचं रक्त तोंडाला घेऊन दुसऱ्याकडे जातात आणि त्यातून सर्रा हा आजार पसरतो. पशुपालकाचं नुकसान तुमच्या छंदापेक्षा मोठं आहे.

## ५. कॅमेरा न घेता पाहा

निदान आठवडाभर फक्त वही घेऊन बसा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते आणि पुढचं सगळं इथेच बिघडतं.

जनावरापासून आठ-दहा फुटांवर, सावलीत, एकाच जागी बसा. दर वेळी अर्धा तास पुरे. माशी आली की पुढच्या गोष्टी लिहा: किती वाजता आली, कोणत्या जनावरावर, अंगाच्या कोणत्या भागावर, किती वेळ बसली, कशामुळे उठली आणि उठून कुठे गेली. शेवटचा रकाना रिकामा राहू देऊ नका, नजर तिच्यामागेच ठेवा. चार-पाच वेळा पाठलाग केला की लक्षात येतं, माशा ठरावीक खांबावर, ठरावीक भिंतीवरच उतरतात.

रंगाचाही फरक पाहा. गोठ्यात पांढरी गवळाऊ गाय आणि काळी म्हैस शेजारी बांधलेली असतील तर माशा कोणाकडे जास्त वळतात ते मोजा. गडद, चकाकत्या अंगावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात. गोमाशीच्या डोळ्यांना हा प्रकाश ओळखता येतो आणि तो तिला ओढतो. पाण्याचा पृष्ठभागही असाच प्रकाश परततो. हा गुण सहाव्या पायरीला कामाला येणार आहे.

चावणारी प्रत्येक गोमाशी मादीच असते. तिला अंडी पक्व व्हायला रक्त लागतं. तिचं तोंड टोचत नाही, कापतं: बारीक पात्यांनी कातडी चिरते आणि साचलेलं रक्त चाटून घेते. म्हणून चावा इतका झोंबतो आणि ती उठून गेल्यावरही थेंब ओघळत राहतो. नर फुलांतला रस पितात. ते क्वचित दिसतात, पण ओळखणं सोपं: नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांत फट असते.

तपासा: आठवड्याच्या शेवटी वहीत निदान दोन विसाव्याच्या जागा नक्की झाल्या का? नसतील तर आणखी काही दिवस पाहा. कॅमेरा काढू नका.

## ६. बैठक तयार करा, मग कॅमेरा

विसाव्याची जागा सापडली की तिच्या समोरची अडगळ हळूच बाजूला करा, म्हणजे तुम्हाला गुडघ्यावर बसता येईल. भिंत चुन्याने पोतारलेली असेल तर उत्तमच, माशी त्यावर स्वच्छ उठून दिसते.

माशा ठरावीक जागी येत नसतील तर एक सोपी युक्ती आहे. बांधकामावरचं काळं प्लास्टिकचं घमेलं घ्या, त्यात दोन बोटं पाणी घाला आणि गोठ्यापासून थोडं दूर, उघड्या उन्हात ठेवा. काळ्या तळावरच्या पाण्यातून परतणारा प्रकाश गोमाश्यांना बोलावतो, कधीकधी नरांनाही. घमेल्याच्या काठाला बांबूची कमची तिरपी रोवून ठेवा. त्यांना टेकायला जागा मिळते आणि तुम्हाला बाजूने टिपता येतं.

सावधान: हे पाणी रोज ओता आणि घमेलं घासून पालथं ठेवा. विसरलात तर परसात डासांची पैदास होईल.

आता कॅमेरा.

*मोबाईल असेल तर:* भिंग पुसा. ही सांगायची गोष्ट नाही, तरी गोठ्याच्या दमट हवेत प्रत्येक वेळी पुसावं लागतं. अगदी टेकेपर्यंत जवळ नेऊ नका. थोडं लांबून दुप्पट झूम करून टिपलेला आणि नंतर कातरलेला फोटो, नाकाशी नेलेल्या फोटोपेक्षा बहुतेकदा स्पष्ट निघतो. चिमट्याचं मॅक्रो भिंग लावलं तर माशीपासून तीन-चार सेंटीमीटरवर जावं लागतं, ते सकाळच्या सुस्त माशीलाच जमतं. पडद्यावर डोळ्याच्या जागी बोट दाबून धरा म्हणजे फोकस पक्का होतो.

*मॅक्रो भिंगाचा कॅमेरा असेल तर:* ९० ते १०५ मिलीमीटरचं भिंग सोयीचं, अंतर राखता येतं. छिद्र एफ ८ ते एफ ११, शटर १/२०० च्या आसपास, आयएसओ शक्य तितका कमी आणि फ्लॅशवर पांढऱ्या बटर पेपरचा मोठा पडदा. पडदा नसेल तर फ्लॅश वापरूच नका. चकाकत्या डोळ्यांवर पांढरा डाग पडतो आणि सगळी ओळख पुसली जाते.

उजेड किती घ्यायचा, यावर एक नियम लक्षात ठेवा. पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा चित्र काळपट करतो, तिथे एक्स्पोजर थोडं वाढवा. काळ्या म्हशीवर तो चित्र फिकट करतो, तिथे कमी करा.

## ७. जवळ जाण्याची रीत

माशी फ्लॅशला सहसा दाद देत नाही, सावलीला आणि आडव्या हालचालीला देते. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर तुमची सावली तिच्यावर पडणार. म्हणून बाजूच्या उजेडात या. शरीर खाली ठेवा, सरळ रेषेत, हळू सरका. डावीकडे-उजवीकडे हलू नका. दोन हात अंतरावर पोचलात की थांबा आणि पहिला फोटो तिथूनच काढा. मग अर्धा हात पुढे, पुन्हा फोटो. ती उडाली तरी हातात काहीतरी राहतं.

उडाली तर उठू नका. तिथेच बसून राहा. बऱ्याचदा तीच किंवा दुसरी माशी त्याच जागेवर येते.

माशी पकडून फ्रिजमध्ये थंड करायची आणि मग फोटो काढायचा, असं सुचवणारे भेटतात. मला हे पटत नाही. बाहेर काढताच अंगावर दव धरतं, केस चिकटतात, पाय आखडतात. आणि ती कुठे बसली होती, काय करत होती, ही सगळी माहिती हरवते.

## ८. पाच बाजू, याच क्रमाने

१. दुरून, जागेसकट. माशी कशावर बसली आहे ते दिसलं पाहिजे.

२. बाजूने. पोट, पाय, पंखांचा कोन.

३. समोरून, डोळे आणि मिशा. ओळखीचं बहुतेक काम इथे होतं. पुष्कळ गोमाश्यांच्या डोळ्यांवर हिरवे, जांभळे, तांबूस पट्टे असतात, हिमॅटोपोटाच्या डोळ्यांवर नागमोडी रेषा. हे रंग डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पातळ थरांतून प्रकाश परतल्यामुळे दिसतात, त्यात रंगद्रव्य नसतं. माशी मरून वाळली की पट्टे विरतात आणि डोळा नुसता काळा उरतो. म्हणून मेलेल्या माशीचा फोटो अपुरा पडतो. पट्टे नीट येण्यासाठी थेट ऊन नको. पसरलेला मऊ उजेड हवा: ढगाळ आभाळ, किंवा सोबत्याने हळूच पुढे आणलेली पांढरी छत्री. कोन थोडाथोडा बदलत तीन-चार फोटो घ्या, पट्ट्यांचा रंग कोनागणिक बदलतो.

४. वरून. पाठीवरचे पट्टे, दोन डोळ्यांमधली फट.

५. पंख. पंखाच्या टोकाशी एका शिरेचे दोन फाटे होतात आणि टोक त्या दोघांच्या मधे येतं. हे दिसलं तर टॅबॅनिडीची ओळख बळकट होते.

माशी उडून गेल्यावर, त्याच जागी आगकाडी धरून त्याच अंतरावरून एक फोटो घ्या. आकाराचा अंदाज त्यावरून काढता येतो. "मोठी होती" एवढ्यावर कोणी ओळख देत नाही.

तपासा: जागेवरच फोटो मोठा करून डोळा पाहा. डोळ्याची कडा धारदार नसेल तर तो फोटो ओळखीच्या कामाचा नाही. घरी जाऊन पाहू म्हणून टाळू नका.

## ९. अंडी शोधा

हा भाग सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. अंडी उडून जात नाहीत.

दुसऱ्या खुणेच्या जागी जा, म्हणजे पाण्यावर झुकलेल्या पानांशी. धोप्याच्या, लव्हाळ्याच्या पानावर शेकडो लांबट अंड्यांचा, थरावर थर रचलेला, चकाकता पुंजका दिसेल. घातल्या-घातल्या तो पांढुरका असतो, मग करडा, पुढे काळपट होतो. पांढरा पुंजका सापडला तर मादी नुकतीच येऊन गेली, आजूबाजूला पाहा.

पान तोडू नका. देठाला रंगीत दोरा सैल बांधा आणि रोज एकाच वेळी, एकाच कोनातून फोटो घ्या. पावसाळी उकाड्यात साधारण आठवड्याभरात अळ्या बाहेर पडतात आणि खालच्या पाण्यात, चिखलात उतरतात. पुंजक्यावर तिळापेक्षा लहान काळ्या गांधीलमाश्या फिरताना दिसल्या तर हाकलू नका. त्या गोमाशीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या मित्र आहेत आणि त्यांचा फोटो मिळाला तर तो दुर्मीळ समजा.

चिखलातली अळी पाहायची असेल तर नालीकाठचा गाळ चाळणीत धुवा. दोन्ही टोकांना निमुळती, पांढुरकी, अंगावर फुगीर कड्यांच्या रांगा असलेली अळी बहुधा हीच. चमच्याने उचला, बोटाने नको, ती चावते. दोन अळ्या एका डबीत ठेवल्या तर एक दुसरीला खाते. पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात फोटो घ्या आणि त्याच जागी परत सोडा.

## १०. नोंद आणि नाव

त्याच संध्याकाळी फोटो उतरवा. प्रत्येक माशीचा वेगळा फोल्डर, नावात तारीख, वेळ आणि जागा: गोठ्याची भिंत, म्हशीचा पाय, घमेलं. सोबत वहीतली हवामानाची ओळ. दोन वेगळ्या माशांचे फोटो एका नोंदीत मिसळू नका. ही चूक सर्रास होते, कारण ती उडून परत आली की दुसरी, हे लक्षात राहत नाही. खात्री नसेल तर वेगळी नोंद करा.

नाव लावताना गटापर्यंत थांबा. "टॅबॅनस" एवढं बरोबर लिहिलेलं, अंदाजाने लिहिलेल्या जातीच्या पूर्ण नावापेक्षा उपयोगी. एकसारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ आहेत, त्यांतल्या बऱ्याच फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद चढवताना पाचही बाजू एकाच नोंदीत द्या आणि कोणत्या जनावराजवळ दिसली ते टिपेत लिहा. परस कोणाच्या तरी घराचं आहे, तेव्हा ठिकाणाची सेटिंग अंधुक ठेवा. गावाच्या आसपासचा परिसर कळला तरी ओळखीला पुरतं.